थांबण्याचा हिशोब

मागच्या महिन्यात धाकट्या भावाचा फोन आला. डिप्लोमा संपवून तो इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला लागला आहे. "ताई, लॅपटॉप आत्ता घेऊ का थांबू? पोरं म्हणतायत, थोड्याच महिन्यांत नव्या चिप येतायत." मागून बाबांचा आवाज आला, "मी तेच सांगतोय त्याला. जरा दम काढ. नवीन येऊ दे."

मी "संध्याकाळी सांगते" म्हणून फोन ठेवला. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे म्हणजे या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे तयार असणार, असं घरच्यांना वाटतं. पण "जरा दम काढ" हे वाक्य आमच्या घरात माझ्यापेक्षाही जुनं आहे, आणि त्याची किंमत आम्ही मोजलेली आहे.

बाबांची तालुक्याच्या गावात टायपिंग इन्स्टिट्यूट होती. बारा मशिनं, सकाळपासून बॅच, इंग्रजी ४०, मराठी ३०. नव्वदच्या दशकात त्यांना कॉम्प्युटर घ्यायचा होता. त्याची एक डायरी अजून कपाटात आहे. १९९६ च्या पानावर पेंटियमचा भाव आणि खाली शेरा: 'एमएमएक्स येतोय. थांबावे.' १९९८ ला पेंटियम टू: 'पेंटियम थ्री येणार. हा उतरेल. थांबावे.' २००० ला: 'पेंटियम फोरची बातमी. दिवाळीनंतर बघू.'

तो कॉम्प्युटर कधीच आला नाही. पुढे एमएस-सीआयटी सुरू झालं, सरकारी नोकरीसाठी ते सर्टिफिकेट लागायला लागलं, आणि पलीकडच्या गल्लीतल्या एका माणसानं दोन जुन्या मशिनांवर शिकत शिकत आपलं सेंटर उभं केलं. आमच्याकडची पोरं तिकडे गेली. काही वर्षांत इन्स्टिट्यूट बंद झाली.

मला खूप दिवस वाटायचं, बाबांना टेक्नॉलॉजी कळली नाही. नंतर कॉम्प्युटरचा इतिहास वाचताना लक्षात आलं की त्यांना ती गावातल्या बहुतेकांपेक्षा जास्त कळत होती. त्यांचा प्रत्येक शेरा त्या त्या वर्षी बरोबर होता. मग एकूण गणित चुकलं कुठे?

थांबणं शहाणपणाचं का होतं

१९६५ मध्ये गॉर्डन मूर या केमिस्टनं 'इलेक्ट्रॉनिक्स' मासिकात एक लेख लिहिला. एका चिपवर बसणाऱ्या भागांची संख्या दर वर्षी दुप्पट होत आहे आणि पुढची दहा वर्षं होत राहील, असा त्याचा अंदाज होता. १९७५ मध्ये त्यानं तो सुधारून दर दोन वर्षांवर आणला. यालाच आपण मूरचा नियम म्हणतो. निसर्गाचा नियम तो नव्हे, कारखान्यांनी पाळलेलं वेळापत्रक म्हणा हवं तर.

त्याच्या जोडीला आणखी एक गोष्ट होती. १९७४ मध्ये आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्डनं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की ट्रान्झिस्टर लहान करताना त्याचा व्होल्टेजही त्याच प्रमाणात कमी केला, तर तो जास्त वेगानं चालतो आणि तेवढ्याच जागेत उष्णता मात्र वाढत नाही. म्हणजे लहान केलं की वेग जवळपास फुकट.

१९८९ ला इंटेलचा ४८६ आला तेव्हा त्याचा वेग २५ मेगाहर्ट्झ होता. १९९३ चा पहिला पेंटियम ६० आणि ६६ मेगाहर्ट्झचा. २००० साली पेंटियम थ्री १००० मेगाहर्ट्झला पोचला. अकरा वर्षांत घड्याळ ४० पट पळायला लागलं. अशा काळात आज घेतलेलं मशीन दोन वर्षांत म्हातारं होणार हे उघड होतं. बाबा हेच बघत होते.

सगळेच थांबले तर

ॲडम ऑस्बोर्न हे नाव आपल्याकडे फारसं ऐकलेलं नसतं. खरं तर त्याचं लहानपण तमिळनाडूत गेलं. वडील रमण महर्षींचे अनुयायी, म्हणून घर तिरुवण्णामलैला आणि शाळा कोडाईकॅनालला. या माणसानं एप्रिल १९८१ मध्ये अमेरिकेत 'ऑस्बोर्न १' बाजारात आणला. उचलून नेता येईल असा हा पहिला यशस्वी कॉम्प्युटर. वजन सुमारे ११ किलो, पडदा फक्त ५ इंची, किंमत १७९५ डॉलर, आणि सोबत वर्डस्टारसारखं सॉफ्टवेअर फुकट. मागणी इतकी वाढली की माल पुरेना.

१९८३ च्या सुरुवातीला कंपनीनं पुढच्या मॉडेलची, 'एक्झिक्युटिव्ह'ची, वाच्यता केली. गोष्ट अशी सांगतात की ते ऐकून दुकानदारांनी जुन्या मॉडेलच्या ऑर्डर थांबवल्या, नवं मॉडेल हातात यायला वेळ लागला, आणि मधल्या काळात पैसा आटला. सप्टेंबर १९८३ मध्ये कंपनीनं दिवाळखोरी जाहीर केली. नव्याच्या घोषणेनं जुन्याची विक्री मरते, याला तेव्हापासून 'ऑस्बोर्न इफेक्ट' म्हणतात.

गोष्ट इतकी सरळ नव्हती, असं नंतर लिहिणाऱ्यांनी दाखवलं आहे. ९ इंची पडद्याचा केप्रो हा तगडा स्पर्धक आधीच आला होता, आणि कंपनीचा कारभारही ढिसाळ होता. पण त्या दंतकथेनं बाजाराला एक धडा नक्की दिला. 'पुढचं येतंय' हे वाक्यसुद्धा विकत येतं, आणि ते ऐकून लोक खिशातला हात तिथेच थांबवतात. आज लॅपटॉप कंपन्या हे वाक्य वर्षभर या ना त्या चिपबद्दल बोलतच असतात.

२६ महिने

थांबण्याचं सगळ्यात नेमकं गणित मला सापडलं ते १९९९ च्या एका शोधनिबंधात. ॲरिझोना विद्यापीठातल्या काही खगोलशास्त्राच्या लोकांनी तो थोडा गंमतीत लिहिला होता. विषय, मूरचा नियम आणि टंगळमंगळ. प्रश्न असा: एक प्रचंड मोठं गणित कॉम्प्युटरवर चालवायचंय. आज सुरू करावं, की आरामात बसावं आणि नंतर वेगवान मशीन घेऊन सुरू करावं?

वेग दर १८ महिन्यांनी दुप्पट होतो असं धरलं तर उत्तर निघतं २६ महिने. आजच्या मशीनवर काम २६ महिन्यांपेक्षा कमी वेळाचं असेल तर आजच सुरू करा. जास्त असेल तर थांबा. मी कागदावर करून पाहिलं. ६० महिन्यांचं काम असेल तर जवळजवळ २२ महिने काहीही न करता बसायचं, मग नवं मशीन घ्यायचं, आणि काम एकूण ४८ महिन्यांत संपतं. वर्षभर आधी! आळस जिंकतो.

हे वाचून मी खूश झाले, मग अस्वस्थ. कारण बाबांचा हिशोब हाच होता. तरी उत्तर उलटं का आलं?

कारण या गणितात तीन अटी लपलेल्या आहेत. काम ठरलेलं आहे, त्यात बदल होणार नाही. वेग वाढत राहणार, याची खात्री आहे. आणि मधल्या काळात काम करणारा माणूस काही शिकत नाही, म्हणून थांबल्यानं त्याचं काही जात नाही. ग्रहताऱ्यांच्या आकडेमोडीला हे लागू पडतं. गल्लीतल्या त्या दुसऱ्या माणसाला नाही. तो त्या दोन जुन्या मशिनांवर फक्त बॅच चालवत नव्हता. फॉरमॅट कसं करायचं, व्हायरस कसा काढायचा, पोरांना माऊस कसा धरायला शिकवायचा, हे तो शिकत होता. मशीन जुनं होत गेलं, माणूस तयार होत गेला. डायरीत या दुसऱ्या गोष्टीचा रकानाच नव्हता.

पुण्यातलं उदाहरण

हाच फरक मोठ्या आकारात बघायचा तर पुण्याला यावं लागतं. ऐंशीच्या दशकात भारताला अमेरिकेचा क्रे सुपरकॉम्प्युटर हवा होता. मागितलेलं मॉडेल मिळालं नाही. हवामान खात्यासाठी कमी ताकदीचं दिलं गेलं. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक सुरू झालं, विजय भटकर त्याचे प्रमुख, मुदत तीन वर्षं.

त्यांनी बाजारात मिळणारी चिप उचलली. ब्रिटनच्या इनमॉस कंपनीचा टी८०० ट्रान्सप्युटर. एकटी चिप काही क्रेच्या जवळपासही जाणारी नव्हती, पण ती शेजारच्या चिपशी थेट बोलू शकायची. अशा चिपा एकत्र जोडून १९९१ मध्ये 'परम ८०००' उभा राहिला.

त्याच वर्षी इनमॉसनं टी९००० ची घोषणा केली. वेग दहापट, असा दावा. जर्मनीतल्या पार्सिटेक कंपनीनं आपलं मोठं मशीन त्या चिपसाठीच आखलं. टी९००० लांबत गेली, दहापट वेग तिनं कधी गाठलाच नाही, आणि पार्सिटेकला जुन्या पिढीच्या ट्रान्सप्युटरवरच मशीन काढावं लागलं. सी-डॅकनं पुढचा 'परम ९०००' बांधताना ट्रान्सप्युटर सोडून सन कंपनीची स्पार्क चिप घेतली. चिप बदलता आली, कारण अनेक चिपांकडून एकत्र काम कसं करून घ्यायचं हे तोपर्यंत हाताला लागलं होतं. ते टी८०० वर शिकलेलं होतं, आणि टी८०० बरोबर जुनं झालं नाही.

नियमच बदलला तेव्हा

दुसरी अट मोडली ती २००४ मध्ये. ट्रान्झिस्टर इतके लहान झाले की वीज गळायला लागली, व्होल्टेज आणखी उतरवता येईना, आणि चिप तापायला लागल्या. इंटेलनं ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम फोर रद्द केला. कंपनीचा प्रमुख क्रेग बॅरेट एका परिषदेत गंमतीनं का होईना, गुडघ्यावर बसून माफी मागता झाला. त्यानंतर घड्याळ पळवण्याऐवजी कोअर वाढवण्याचा मार्ग आला. पण इंटेलच्या नेहमीच्या डेस्कटॉप चिपांमध्ये चार कोअर २००७ च्या सुमारास आले आणि २०१७ उजाडेपर्यंत चारच राहिले. त्या दहा वर्षांत थांबणाऱ्याला फार काही मिळालं नाही.

आणि थांबणं संपलं नेमकं मी खरेदी केली तेव्हा! जुलै २०१७. दुसरं वर्ष संपलं होतं, बाबांनी सोसायटीतून कर्ज काढलं, सातव्या पिढीचा आय५ घेतला. दोन कोअर. ऑगस्टमध्ये आठवी पिढी आली, त्याच वर्गात चार कोअर. पुढे विंडोज ११ आलं तेव्हा अधिकृत यादी सुरू झाली आठव्या पिढीपासून. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला आणि माझा लॅपटॉप एका महिन्याच्या फरकानं रेषेच्या अलीकडे राहिला. आता त्यावर लिनक्स आहे.

महिनाभर थांबले असते तर फायदा झाला असता, हे खरंच आहे. पण मला ही तारीख जुलैमध्ये माहीत नव्हती. आणि त्या ऑगस्टमध्ये मी पायथन शिकायला घेतलं. प्लेसमेंटला जो प्रोजेक्ट दाखवला तो दोन कोअरवरच लिहिलेला होता.

थांबणं नेहमी चूक असतं, असं मी म्हणत नाही. जून २०२० मध्ये ॲपलनंच सांगितलं की आम्ही इंटेल सोडून स्वतःच्या चिपकडे जातोय. तेव्हा हातातलं मशीन चालू असणाऱ्यानं मॅकसाठी थांबणं शहाणपणाचं होतं. नोव्हेंबरमध्ये एम१ आली आणि त्यांचं सोनं झालं. पण तिथे पुढे काय येतंय ते जाहीर होतं, वर्षअखेरची मुदत होती, आणि मधल्या काळात काम अडणार नव्हतं.

संध्याकाळी भावाला फोन केला. "सध्या काम कशावर करतोस?"

"कोड फोनवर लिहितो. लॅबमध्ये नंबर लागला तर तिथे चालवतो."

"मिनी प्रोजेक्ट कधी द्यायचाय?"

"याच सेमिस्टरला."

मग मी बाबांना फोन द्यायला सांगितला. रॅमचे भाव सांगितले. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीचा माल ओढून घेतलाय, त्यामुळे थांबलं की स्वस्त मिळतं हा जुना भरवसासुद्धा या वर्षी राहिलेला नाही, हे सांगितलं. १६ जीबीवाला, साधा, आजच्या भावात बसणारा घेऊ म्हटलं.

"आणि पुढच्या वर्षी याच पैशात डबल वेगाचा आला तर?" बाबांनी विचारलं.

"येईल की बाबा. तोपर्यंत त्याचं वर्ष झालेलं असेल."

पलीकडे थोडा वेळ शांतता होती. डायरीबद्दल मी काही बोलले नाही, त्यांनीही काढलं नाही.

"बरं," ते म्हणाले. "अर्धे मी घालतो. किती पाठवू?"