चालत्या संगणकाचे स्थलांतर

हार्ड डिस्क केव्हा तरी बिघडणारच, हे गृहीत धरून संगणकाची रचना कशी करावी, याचे गणित १९८८ साली शिकागोच्या एका परिषदेत मांडले गेले. मांडणारे तिघे बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाचे : डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ. एका महागड्या डिस्कऐवजी अनेक लहान, स्वस्त डिस्कांचा संच वापरावा, ही त्यांची सूचना. परंतु सरासरी ३०,००० तास टिकणाऱ्या शंभर डिस्क एकत्र जोडल्या, तर त्यांतील एखादी ३०० तासांतच, म्हणजे पंधरवडा उलटण्यापूर्वीच, दगा देईल, हेही त्यांनीच दाखविले. म्हणून जादा डिस्क ठेवून माहितीची राखण करावयाची. या रचनेचे नाव ‘रेड’. तिचा पहिला प्रकार, दोन डिस्कांवर एकाच मजकुराच्या दोन प्रती, हा मात्र त्यांच्या आधीपासूनच रूढ होता.

पुढे लिनक्समध्ये हे काम निराळ्या उपकरणावाचून ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडेच सोपविले गेले. २००१ साली नील ब्राउन यांनी त्यासाठी ‘एमडीॲडम’ हे साधन लिहिले. खरा पेच येथेच आहे. संच ओळखणारा प्रोग्राम संचावरच ठेवला, तर संगणक सुरू होताना त्याला वाचणार कोण? आम्हा सरकारी नोकरांना दप्तरखान्याची किल्ली दप्तरखान्यातच राहिल्याचे दुःख ठाऊक असते! यावर तोड अशी निघाली की, संचाची ओळखचिठ्ठी डिस्कच्या अगदी शेवटी लिहावयाची. मग जोडीतील कोणतीही एक डिस्क आरंभीच्या प्रोग्रामला साध्या डिस्कसारखीच दिसते. तेथून गाभा आणि एक छोटी तात्पुरती फाइल-व्यवस्था स्मृतीत येते, आणि ती पूर्ण संच जुळविते.

आता जुन्या, एकट्या डिस्कवरील सिस्टिम या जोडीवर न्यावयाची असेल, तर? नवी डिस्क आणून तिच्यावर जोडी स्थापन करावी आणि दुसऱ्या जागी ‘गैरहजर’ असा शेरा मारावा. एमडीॲडमला तो चालतो. या लंगड्या जोडीवर सारी सिस्टिम उतरवून घ्यावी, फाइल-व्यवस्थांच्या तक्त्यात नवा पत्ता लिहावा, आणि संगणक तिच्यावरूनच पुन्हा सुरू करून पाहावा. तोवर जुनी डिस्क जशीच्या तशी असते. काही चुकले तर मागे फिरता येते.

ती डिस्क जोडीत सामील केली की मात्र परतीची वाट संपते. तिच्यावरचा मूळ मजकूर पुसला जातो, आणि नवी प्रत पुरी होईतो सर्व भार एकट्या नव्या डिस्कवर असतो. त्यामुळे बाहेर एक वेगळी प्रत असल्याशिवाय हे पाऊल उचलूच नये, असे माझे ठाम मत आहे. शिवाय जोडी म्हणजे राखीव प्रत नव्हे. चुकून पुसलेली फाइल ती दोन्हीकडून तितक्याच इमानाने पुसते.

आरंभीचा प्रोग्रामही दोन्ही डिस्कांवर बसवावा लागतो. पुष्कळदा तो दुसरीवर राहून जातो, आणि पहिली डिस्क बंद पडेल त्या दिवशी ते उघडकीस येते. प्रत उतरत असताना गाभा आपली स्थिती एका ओळीत दाखवीत असतो : एक आडवी रेघ आणि तिच्याशेजारी ‘यू’ हे रोमन अक्षर. काम पुरे झाले की रेघेच्या जागी दुसरा ‘यू’ येतो.