ड्युको आणि काच

मलकापूर, नांदुरा, खामगाव ही बुलढाणा जिल्ह्यातली गावं मुंबई-नागपूर-कोलकाता महामार्गावरची. चेपलेली गाडी आली, की डेंटर पत्र्याच्या आतून लोखंडी डॉली धरतो, बाहेरून हातोडी मारतो. मग पुट्टी, पॉलिश पेपर, प्रायमर आणि शेवटी फवाऱ्याने रंग.

पूर्वी गाडीचा रंग वाळायला कित्येक दिवस लागत. १९२३ मध्ये अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीने ‘ड्युको’ आणला आणि दिवसांचं काम तासांवर आलं. कंपनीचं नाव मागे पडलं. ‘ड्युको’ हा शब्द आपल्या गॅरेजांत राहिला.

काचेची गोष्ट त्याहून मोलाची. फ्रेंच चित्रकार व रसायनतज्ज्ञ एदुआर बेनेदिक्त्यूस यांनी १९०९ मध्ये दोन काचांमध्ये सेल्युलॉइडचा पापुद्रा बसवण्याचं पेटंट घेतलं. अशा जोडकाचेमुळेच समोरची काच तडकली तरी विखरत नाही. बाजूची काच बहुधा तापवून झटकन थंड केलेली असते. फुटली की तिचे बोथट दाणे होतात.

१ जुलै २०२३ च्या पहाटे समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ बस पेटली. २५ जण गेले. काही जण खिडकीची काच फोडून बाहेर पडले, म्हणून वाचले.

एक काच धरून राहून वाचवते, दुसरी फुटून. कुठे कोणती बसवायची, हे कारागिराला कळायला हवं आणि गाडीवाल्यानेही विचारायला हवं. रंग चुकला तर फक्त डोळ्यांना खुपतो.