बारा जानेवारीचा फळा

दरवर्षी १२ जानेवारीला आमच्या फळ्यावर दोन नावं असतात. राजमाता जिजाऊ आणि स्वामी विवेकानंद. सजावटीची जबाबदारी बहुतेक वेळा माझ्याकडे येते, कारण अक्षर बरं आहे. गेल्या वर्षी खाली कोपऱ्यात जागा उरली होती, म्हणून मी आणखी चार नावं लिहिली: मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. परिपाठ संपल्यावर नववीतला एक मुलगा मागे थांबला. "सर, हे कुर्बान हुसेन कोण होय? आपल्या इकडचे का?"

आपल्या इकडचे नाहीत, सोलापूरचे. १२ जानेवारी १९३१ रोजी या चौघांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिलं गेलं. मी वर्गात सांगायला लागलो तेव्हा मुलांना फाशीपेक्षा दुसऱ्याच गोष्टीने पकडून ठेवलं. एका अख्ख्या शहरावर फौज आणून बसवली होती आणि माणसं त्यात रोजचं जगत होती, ही ती गोष्ट. "म्हणजे लॉकडाऊनसारखं का?" असं एका मुलीने विचारलं. त्या प्रश्नाचं उत्तर नीट द्यायला मला दोन तास लागले. ते इथे लिहून काढतो आहे.

आधी सोलापूर कसं होतं ते पाहू. दीड लाखाच्या आसपास वस्ती, आणि तिचं घड्याळ म्हणजे गिरणीचा भोंगा. १८७७ ची जुनी गिरणी, शिवाय नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू. हातमागावर पद्मशाली आणि मोमीन. मराठी, कन्नड, तेलुगू आणि आपली दखनी एकाच गल्लीत ऐकू येईल असं गाव. ६ एप्रिल १९३० रोजी, म्हणजे दांडीला मीठ उचललं गेलं त्याच दिवशी, या गावच्या नगरपालिकेने आपल्या इमारतीवर राष्ट्रीय झेंडा चढवला होता. सरकारचा राग तेव्हापासूनचा.

५ मेच्या मध्यरात्रीनंतर गांधीजींना अटक झाली. बातमी आली तशा गिरण्या बंद पडल्या, बाजार बंद झाला. ८ मेला लोक रूपाभवानीच्या बाजूला शिंदीची झाडं तोडायला गेले. दारूबंदीच्या चळवळीतला तो नेहमीचा कार्यक्रम होता. पोलिसांनी काहींना पकडलं. सोडा म्हणून जमाव अडून बसला. कलेक्टर नाइट समोर होते. धनशेट्टींनी लोकांना आवरलं, म्हणून कलेक्टरचा जीव वाचला, असं सोलापूरकर आजही सांगतात. पुढे झेंडा घेऊन आलेला शंकर शिवदारे हा तरुण गोळीने पडला आणि मग कोणीच कोणाला आवरू शकलं नाही. गोळीबारात माणसं मेली. जमावाने मंगळवार पेठेची चौकी आणि कोर्टाची इमारत पेटवली. पोलीस शिपायांचाही जीव गेला. हे शेवटचं वाक्य गाळून हा इतिहास सांगणं मला पटत नाही. ती पण गरीब घरची माणसं होती.

त्यानंतर पोलीस शहरातून निघून गेले आणि युरोपीय कुटुंबांना हलवण्यात आलं. ९ ते १२ मे या दिवसांना सोलापूर आपल्या स्वातंत्र्याचे चार दिवस म्हणतं. सरकार नसताना लूटमार व्हायला हवी, असा सर्वांचा समज असतो. इथे काँग्रेसचे स्वयंसेवक चौकात उभे राहून टांगे आणि बैलगाड्यांची वाहतूक सांभाळत होते.

यात आणखी एक गोष्ट आहे, जी मला कुठल्या पुस्तकात फारशी ठळक दिसली नाही. हिजरी पंचांगाचा हिशेब लावा. १३४८ ची बकरी ईद ९-१० मेच्या सुमारास पडते. म्हणजे सोलापूरच्या मुसलमानांची त्या साली ईद या पोलीस नसलेल्या चार दिवसांत आली. आजच्या काळात ईद आणि मिरवणूक एका आठवड्यात आली की शांतता समितीच्या बैठका होतात, राखीव दल येतं. मी स्वतः अशा बैठकांना शिक्षक म्हणून बसलो आहे, चहा पिऊन परत आलो आहे. म्हणून तारखांचा हा मेळ दिसला तेव्हा मी पेन्सिल खाली ठेवली आणि थोडा वेळ नुसता बसून राहिलो.

१२ मेला मार्शल लॉ लागला. पुण्याहून फौज आली होती. तीन दिवसांनी, १५ मेला, व्हाइसरॉयने त्यासाठी खास अध्यादेश काढला. ३० जूनपर्यंत, म्हणजे सात आठवडे, शहर लष्कराच्या हातात होतं.

आता त्या मुलीचा प्रश्न. लॉकडाऊनमध्येही रस्त्यावर यायला बंदी होती, संध्याकाळनंतरची संचारबंदी इथेही होती. पण लष्कराने काय काय गुन्हा ठरवलं ते बघा. झेंडा घेऊन फिरणं गुन्हा होता आणि त्याला सक्तमजुरी होती. सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याचं काम आपण करतो आहोत असं दाखवणारी कोणतीही कृतीही गुन्हा होती. म्हणजे चौकात हात वर करून गाडी थांबवणारा पोरगा गुन्हेगार! जाळपोळ ८ मेची होती, ती त्याच दिवशी थांबली होती. फौज आली ती १२ ला. तिला सर्वात जास्त खुपलं ते मधले चार दिवस. या लोकांना आपल्याशिवाय चालतं, हे उघड झालं होतं.

आणि टोपी. पांढरी खादीची टोपी दिसली की सैनिक ती उतरवायला लावत. विचार करा, मे महिना, सोलापूरचं ऊन, डोक्यावर काहीतरी लागतंच. सकाळी घराबाहेर पडताना माणूस खुंटीकडे हात नेतो आणि थांबतो. घालावी का? बायको दारातून म्हणत असेल, राहू द्या आज. तुळशीदास जाधवांनी टोपी काढायला नकार दिला. बंदूक रोखली तेव्हा त्यांनी छाती पुढे केली, ही गोष्ट सोलापुरात सर्वांना ठाऊक आहे. ते पुढे खासदार झाले. पण एका जाधवांमागे हजारो माणसं असतील ज्यांनी टोपी घडी करून खिशात घातली आणि कामावर गेली. मला ती माणसं भित्री वाटत नाहीत. त्यांना संध्याकाळी घरी परत यायचं होतं. डोक्यावर काय घालायचं हे दुसरा कोणी ठरवतो तेव्हा घरातल्या घरात काय बोलणं होतं, हे आपल्या वाचकांना मी वेगळं सांगायची गरज नाही.

नगरपालिकेवरचा झेंडा उतरला. बातम्या बाहेर जाईनात. मेच्या अखेरीस मोहरमचं चाँद दिसलं आणि आशुरा जूनच्या पहिल्या आठवड्याअखेर आला. मोहरमचं सगळं रात्रीचं असतं, पंजे, सरबत, मरसिये. संचारबंदीही रात्रीचीच.

इथे एक वस्ती विसरता येत नाही. सोलापुरात तारेच्या कुंपणातली सेटलमेंट होती. पारधी, कैकाडी अशा ज्या जमातींना इंग्रजांनी जन्मजात गुन्हेगार ठरवलं होतं, ती माणसं तिथे राहत, हजेरी देत आणि गिरणीत राबत. बाकी शहराला ज्या बंधनांची चव सात आठवडे मिळाली, ती त्यांच्यासाठी रोजची होती. मार्शल लॉ उठला तरी त्यांची हजेरी उठली नाही. तो कायदा रद्द व्हायला १९५२ उजाडलं. चार हुतात्म्यांच्या भाषणांत ही वस्ती येत नाही, ती यायला हवी.

कुर्बान हुसेन तेव्हा जेमतेम विशीतले होते. पूर्ण नाव अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. ते 'गजनफर' नावाचं पत्र चालवत आणि गिरणी कामगारांत काम करत. गजनफर म्हणजे सिंह, शब्द अरबी. आमच्या मुलांना उर्दूच्या तासाला हा शब्द मनक़बतीत भेटतो, हज़रत अलींच्या संदर्भात. तो एका वर्तमानपत्राचा मथळा होता आणि गिरणीतला माणूस ते पत्र वाचत होता, हे कळल्यावर मुलांचे चेहरे बघण्यासारखे झाले. आपण कुर्बान हुसेनना चारांतले एक म्हणून ओळखतो. ‘यात आपलाही एक होता’ हे सिद्ध करण्यापुरतं त्यांचं नाव काढतो. हे मला हल्ली खटकतं. ते संपादक होते. त्यांनी काय छापलं, कोणासाठी छापलं, याबद्दल आपल्यातलं कोणी बोलत नाही.

चौघांवर पोलिसांच्या खुनाचा खटला झाला. सत्र न्यायालयाने फाशी दिली, मुंबई उच्च न्यायालयात ती टिकली. लंडनमध्ये पहिली गोलमेज परिषद चालू असताना येरवड्यात फाशीची तयारी होत होती. गांधीजी त्याच तुरुंगात बंद होते. चौघे गेले १२ जानेवारीला आणि गांधीजी सुटले २६ जानेवारीला. चौदा दिवसांचं अंतर.

आपल्या जिल्ह्यात १९३० म्हटलं की पुसदचा जंगल सत्याग्रह. १० जुलैला बापूजी अण्यांनी राखीव जंगलातलं गवत कापलं. सोलापूरचा मार्शल लॉ उठून तेव्हा फक्त दहा दिवस झाले होते. पेशावरही त्याच उन्हाळ्यातलं. २३ एप्रिलला किस्साख्वानी बाजारात गोळीबार झाला, गढवाली शिपायांनी लोकांवर बंदूक चालवायला नकार दिला, मग काही दिवस ते शहरही इंग्रजांच्या हातात नव्हतं. पेशावर, सोलापूर आणि पुसद मी मुलांना एकाच नकाशावर दाखवले. पाठ्यपुस्तकात ते वेगवेगळ्या ओळींत येतात, त्यामुळे ती वेगवेगळ्या वर्षांची गोष्ट वाटते.

तास संपता संपता त्या नववीतल्या मुलाने विचारलं, "सर, ते टोप्या काढून घेत होते, त्या परत दिल्या का?"

या वर्षी फळ्यावर चार नावांना कोपरा पुरणार नाही. फळा मोठा आहे, जिजाऊंच्या आणि विवेकानंदांच्या नावाशेजारी जागा आहे. रंगीत खडू मी आत्ताच आणून ठेवले आहेत आणि लिहायचं काम त्या मुलाला सांगितलं आहे. तो 'गजनफर' दोन लिपींत लिहायची तालीम करतो आहे. उर्दूतला 'ज़ाद' त्याला अजून जमत नाही.