ब्रास आणि तास

गेल्या उन्हाळ्यात उमरेडहून काकाजींचा फोन आला. "तू कंप्युटरवाला माणूस. एक हिशेब करून दे. मिनी पोकलेन घेऊन टाकू काय?"

काकाजी नुकतेच रिटायर झालेले. हातात ग्रॅच्युइटीचे पैसे, गावाबाहेर घेतलेला प्लॉट, आणि डोक्यात राग. प्लॉट सपाट करायला त्यांनी दोनदा जेसीबी आणला होता. पहिल्यांदा मशीन सकाळी आठच्या ऐवजी दुपारी एकला आलं. दुसऱ्यांदा ऑपरेटर चालू इंजिनावर अर्धा तास फोनवर बोलत बसला, आणि तो अर्धा तासही बिलात लागला. "किराया देऊन देऊन माणूस म्हातारा होते. आपलं आपल्यापाशी राह्यलं म्हणजे बरं," असं त्यांचं म्हणणं.

मी एक्सेल उघडलं. आधी गरज मोजली. साधं घर, बारा कॉलम. आपल्याकडच्या काळ्या मातीत पाया वरवर ठेवून चालत नाही. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि भिंतींना तडे देते. म्हणून प्रत्येक खड्डा पाच बाय पाच फूट, सहा फूट खोल धरला. म्हणजे १५० घनफूट, दीड ब्रास. बारा खड्डे मिळून १८ ब्रास. सेप्टिक टँक आणि पाइपांच्या चऱ्या धरून २२. छोटं मशीन तासाला तीन ब्रास खोदतं असं मानलं, तर अख्ख्या घराचं खोदकाम साडेसात तासांचं. आयुष्यभराच्या घराला मशीन लागतं एक दिवस.

मग दुसरी बाजू. मशीन २० लाखांचं समजू, त्यातले १६ लाख कर्ज, ११ टक्के व्याज, चार वर्षं. हप्ता साधारण ४१ हजार. ऑपरेटर १८ हजार, विमा-सर्व्हिसिंग-सुटे भाग मिळून नऊ हजार. महिन्याला ६८ हजार, मशीन उभं राहिलं तरी. तासाला हजार रुपये मिळाले आणि ३०० डिझेलात गेले, तर ७०० उरतात. म्हणजे महिन्याला ९७ तास काम हवं. पावसाळ्याचे चार महिने चिखलात गेले की उरलेल्या आठ महिन्यांत दरमहा १४६ तास. चार वर्षांनी मशीन विकून काही पैसे परत येतील हे खरं, पण तोवर काकाजी घरमालक राहणार नाहीत, ठेकेदार होतील.

उत्तर दहा मिनिटांत मिळालं होतं. पण काकाजींचा राग एक्सेलमध्ये कुठेच बसत नव्हता, आणि तो खोटा नव्हता. म्हणून मी जरा मागे गेलो.

नागपूर जिल्हा तेव्हा मध्य प्रांतात होता. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ साली त्या प्रांतातल्या जातीजमातींवर चार खंडांचा ग्रंथ काढला. त्यात बेलदारांची नोंद आहे: माती खोदणं, दगड फोडणं हाच ज्यांचा पेशा. आपल्याकडे बेलदार, इतरत्र वडार. पूर्व विदर्भातले मोठमोठे तलाव कोहळी समाजाच्या कौशल्यातून उभे राहिले. आज सरकारी कागदांत त्यांना माजी मालगुजारी तलाव म्हणतात, कारण १९५१ च्या सुमारास मालगुजारी गेली आणि तलाव सरकारकडे आले. या सगळ्या खोदकामात कुदळ, फावडं, सब्बल, घमेलं हीच अवजारं. ती कोणाकडेही असायची. पण घर बांधताना माणूस अवजार विकत घेत नव्हता, खोदणाऱ्यांना बोलवत होता. आणि मोजायचा तो खड्डा.

ही मोजणी मला फार हुशारीची वाटते. खोदताना मध्ये मातीचा एक खांब तसाच ठेवायचा, म्हणजे मूळ जमीन किती उंच होती याचा पुरावा राहतो. लांबी, रुंदी, खोली, आणि मग ब्रासचा भाव. १९७२ च्या दुष्काळात दुष्काळी कामांवर हजारो बायामाणसं माती उपसत होती, तिथेही मजुरी मोजमापावर होती. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी योजना पुढे कायदा झाली आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाली. मोजमापात लबाडी व्हायची, मजुरांवर अन्यायही व्हायचा. त्याबद्दल गोड आठवणी काढण्यात अर्थ नाही. पण एक गोष्ट स्पष्ट होती: काम रेंगाळलं तर घरमालकाचं बिल वाढत नव्हतं.

मशीन आलं आणि माप बदललं.

'पोकलेन' हा शब्द आपल्याला अस्सल गावठी वाटतो, पण तो फ्रेंच कंपनीचा आहे. ज्यॉर्ज बाताय यांनी १९२७ साली पॅरिसजवळच्या एका गावात शेतीच्या यंत्रांचा कारखाना काढला. १९५१ मध्ये त्यांनी पहिलं खोदयंत्र बनवलं. पुढे लार्सन अँड टुब्रोने त्यांच्याशी करार करून ही यंत्रं भारतात बनवली. कंपनीचं नाव मागे पडलं, शब्द आपल्याकडे राहिला. जेसीबी म्हणजे जोसेफ सिरिल बॅमफर्ड. १९४५ साली इंग्लंडमध्ये एका गॅरेजात त्यांनी सुरुवात केली, १९५३ मध्ये पुढे बकेट आणि मागे खोदायचा हात असलेलं यंत्र आणलं. १९७९ पासून ते एस्कॉर्ट्सबरोबर भारतात बनू लागलं. २०१९ मधले 'जेसीबी की खुदाई'चे मीम आठवत असतील. लोक उगाच बघत उभे राहत नव्हते. पंचवीस माणसांचं एका दिवसाचं काम डोळ्यांसमोर एका तासात होताना दिसत होतं.

मिनी पोकलेनची गोष्ट मात्र जपानची आहे. यानमार या डिझेल इंजिनवाल्या कंपनीने १९६८ मध्ये आपलं पहिलं छोटं खोदयंत्र आणलं. शहरं दाट, गल्ल्या अरुंद, मजूर महाग. मोठं मशीन आत शिरत नव्हतं, तिथे हे शिरलं. अमेरिकेत एखाद-दोन एकरवाला घरमालक जुनं मिनी घेतो, दोन वर्षं स्वतः चालवतो आणि विकून टाकतो. तिथे ऑपरेटरची मजुरीच इतकी की हे परवडू शकतं. उमरेडला गणित उलटं. ऑपरेटर स्वस्त, मशीन महाग. शिवाय पट्ट्यांवर चालणारं मिनी रस्त्याने जात नाही, एका गावाहून दुसऱ्या गावाला न्यायला गाडी लागते. जेसीबी आपल्या टायरांवर स्वतः येतो, खोदतो आणि टिप्परही भरून देतो. आपल्याकडे तोच का पसरला, याचं निम्मं उत्तर त्या टायरांत आहे.

पण टायरांबरोबर तासही आला. खड्ड्याच्या जागी मशीनचा मीटर मोजला जाऊ लागला. जमीन कडक लागली, ऑपरेटर नवखा निघाला, पाइप फुटला, तरी तास घरमालकाचा. काकाजींना खरं तर मशीन नको होतं. त्यांना त्या मीटरपासून सुटका हवी होती, आणि त्यासाठी ते २० लाखांचा सौदा करायला निघाले होते.

गंमत अशी की उमरेडमध्ये सर्वात जास्त माती खोदणारा याच प्रश्नाचं वेगळं उत्तर देतो. शहराला लागूनच वेकोलिच्या उघड्या कोळसा खाणी आहेत. कोळशावरची माती आणि दगड हटवायला वेकोलिची स्वतःची अवजड यंत्रं असतात. पण कोल इंडियाच्या खाणींत या कामाचा मोठा भाग ठेकेदारांकडून करून घेतला जातो, आणि त्याचे पैसे घनमीटरवर ठरतात. जिथे वर्षभर रात्रंदिवस खोदकाम चालतं तिथेही सगळी मशीनं स्वतःची ठेवत नाहीत, आणि बाहेरच्या मशीनचा तासही मोजत बसत नाहीत.

हे मी काकाजींना सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे वेकोलि ब्रासनं देते अन् मी तासानं?"

दुसऱ्या दिवशी ते तिघा मशीनवाल्यांकडे गेले. दोघांनी सरळ नाही म्हटलं. जमिनीच्या आत काय आहे कोणाला माहीत, असं त्यांचं म्हणणं, आणि ते चूक नव्हतं. तिसरा खड्ड्यामागे भाव द्यायला तयार झाला. हिशेब केला तर तो तासाच्या भावापेक्षा थोडा महागच पडत होता. काकाजींनी घासाघीस न करता हो म्हटलं, हे मला काकूंकडून कळलं आणि खरं वाटलं नाही.

काम सुरू झालं तेव्हा मी व्हिडिओ कॉलवर होतो. चार खड्डे झरझर झाले. पाचव्यात चार फुटांवर कडक मुरूम लागला. बकेटचे दात घासत होते, धूर येत होता, मशीन जागेवर डुलत होतं. काकाजी टेप गळ्यात टाकून खुर्चीवर बसून चहा पीत होते. मशीनवाला घड्याळाकडे बघत होता.