व्हिडिओ गेम कोणी बिघडवला?

आजचा विषय वाचून काहींना वाटले असेल, तत्त्वज्ञानाच्या मास्तरांना जुन्या व्हिडिओ गेमशी काय घेणेदेणे? पण बघा, इतिहास म्हणजे घडून गेलेल्या गोष्टीचे कारण शोधणे. ते चुकले की दोष भलत्याच माणसाच्या माथी बसतो. आमच्या घरात तो पंचवीसहून अधिक वर्षे बसला होता.

1998 चा उन्हाळा. गोंदियाला खेटून असलेले आमचे फुलचूर तेव्हा भंडारा जिल्ह्यात होते. गोंदिया जिल्हा 1 मे 1999 ला झाला. घरात पुतण्याचा व्हिडिओ गेम होता. तो टीव्हीला जोडायचा, कॅसेट खोचायची, खेळायचे. एका संध्याकाळी खेळता खेळता चित्र गेले, डबा बंद. आम्ही सगळ्यांनी मिळून निकाल दिला, ‘चार-चार तास खेळतो, जाळला शेवटी!’ पोरगा रडला. डबा माळ्यावर गेला.

आता या डब्याचे कूळ सांगतो. जपानच्या निन्टेंडो कंपनीने 15 जुलै 1983 रोजी फॅमिकॉम नावाचे यंत्र विक्रीला आणले. मासायुकी उएमुरा या अभियंत्याने त्याची रचना केली. त्याच्या अनेक नकला आशियाभर निघाल्या आणि नव्वदच्या दशकात आपल्या बाजारातही आल्या. साठ पिनांची कॅसेट तीच, खेळही तेच. सेगाचे अस्सल यंत्र शॉ वॉलेसने 1995 मध्ये भारतात आणले, पण ते महागडे होते. आमच्यासारख्या घरांत नक्कलच शिरली.

यंत्राची कल्पना जपानची, पण त्याला वीज पुरवणारा अडॅप्टर मात्र इथला हवा. जपानमध्ये घरची वीज 100 व्होल्टची, आपली 230 ची. म्हणजे परदेशी यंत्र आपल्या गावाला जिथे शिवते, ती जागा म्हणजे अडॅप्टर. गावच्या विजेचे सगळे बरेवाईट आधी त्याच्या अंगावर येते. या यंत्रांचा इतिहास लिहिणारे खेळांबद्दल पुष्कळ लिहितात, अडॅप्टरबद्दल कोणी लिहीत नाही. पण यंत्र मेले तर पहिली साक्ष त्याचीच घ्यायला हवी.

त्याच्या पोटात असते काय? ट्रान्सफॉर्मर 230 व्होल्टचे नऊएक व्होल्ट करतो. चार डायोड उलटसुलट वाहणारी वीज एका दिशेला लावतात. पण ती लाटालाटांनी येते, सेकंदाला शंभर लाटा. या लाटांमधले खड्डे भरून काढतो तो फिल्टर कंडेन्सर, आपल्या गावच्या तलावासारखा, पावसाचे पाणी साठवून उघडिपीत देणारा. पुढे डब्यात 7805 नावाची तीन पायांची आयसी असते. ती येणाऱ्या विजेतून बरोबर 5 व्होल्ट काढून देते. अटारी 2600, फॅमिकॉम, मेगा ड्राइव्ह, सगळ्यांत हीच. अट एकच, तिला येणारी वीज सुमारे 7 व्होल्टच्या खाली जाता कामा नये. फार तापली तर ती स्वतःहून थांबते, निवली की पुन्हा चालते.

दोन वर्षांपूर्वी पुतण्याच्या मुलीने तो डबा माळ्यावरून काढला आणि विचारले, ‘आजोबा, बाबांनी हा खरंच जाळला का?’ आम्ही तिला घेऊन गोंदियातल्या एका जुन्या कारागिराकडे गेलो.

त्याच्या दुकानात पहिली चूक आम्हीच केली. मल्टिमीटर अडॅप्टरच्या पिनेला लावला, 13 व्होल्ट दिसले. आम्ही म्हणालो, ‘अडॅप्टर ठणठणीत आहे, डबाच गेला.’ कारागीर हसला. म्हणाला, ‘सर, बसलेल्या बैलाची ताकद काय मोजता? गाडीला जुंपून बघा.’ त्याने मोटरसायकलचा एक छोटा 12 व्होल्टचा दिवा अडॅप्टरला लावला. आकडा 13 वरून साडेसहावर उतरला. या साध्या अडॅप्टरला ओझे नसले की तो नेहमीच वाढीव आकडा दाखवतो. खरे बोलतो तो ओझ्याखाली.

मग त्याने अडॅप्टर उघडला आणि फिल्टर कंडेन्सर बदलला, 25 व्होल्ट, 1000 मायक्रोफॅरडचा. बाकी काहीच बदलले नाही. दिवा लावून आकडा आता नवाच्या वर थांबला. पिनेची प्लस-मायनस बाजू तपासून डबा जोडला, 7805 च्या पायावर पाच व्होल्ट मिळाले आणि टीव्हीवर चित्र आले.

न्यायशास्त्रात याला अन्वय-व्यतिरेक म्हणतात. कारण असेल तर कार्य असते, नसेल तर नसते. एकच गोष्ट बदलायची आणि काय बदलते ते पाहायचे. आमचा 1998 चा निकाल म्हणजे काकतालीय न्याय. कावळा बसायला आणि फांदी तुटायला. पोरगा खेळत होता आणि डबा बंद पडला, एवढेच आम्ही पाहिले.

इथे तुम्ही शंका काढाल, आणि ती रास्त आहे. कंडेन्सर आज सुकलेला सापडला, तो 1998 मध्येच सुकला होता कशावरून? माळ्यावर पडून पडूनही तो सुकतो. आजचा पुरावा कालच्या घटनेला लावणे ही इतिहासकाराची नेहमीची घसरण. म्हणून त्या वेळची साक्ष हवी.

ती होती, आम्हीच ऐकली नव्हती. बंद पडण्याआधी दोनेक महिने पोरगा सांगत होता, ‘मोठे बाबा, टीव्हीवर आडवे पट्टे येतात.’ आम्ही म्हणालो, अँटेना हलली असेल. टीव्हीचा पडदा आपल्याकडे सेकंदाला पन्नास वेळा वरून खाली रेखला जातो. विजेतल्या लाटा शंभर. म्हणजे एका रेखाटनात दोन पट्टे. आम्ही फोन करून पुतण्याला विचारले, पट्टे किती असायचे? क्षणभर थांबून तो म्हणाला, ‘दोन. हळूहळू वर सरकायचे.’

वात्स्यायन सांगतो, नदीला पूर दिसला की वरच्या अंगाला पाऊस झाला असे समजावे. वैनगंगा फुगली की आपणही म्हणतो, शिवनीकडे कोसळला. तसे हे दोन पट्टे. कंडेन्सर तेव्हापासूनच सुकत होता. संध्याकाळी गावच्या लाइनचा दाब उतरायचा, बल्ब पिवळे पडायचे. त्या दिवशी लाटांमधले खड्डे 7 व्होल्टच्या खाली गेले असणार आणि डबा थांबला. दुसऱ्या दिवशी दुपारी लावून पाहिला असता तर कदाचित चाललाही असता. आम्ही लावून पाहिलाच नाही.

खेळून कंडेन्सर झिजत नाही का? झिजतो, उष्णतेने. पण वापराने झिजणे आणि कोणी बिघडवणे यांत फरक आहे.

एक सूचना. ज्या यंत्रांचा वीजपुरवठा डब्याच्या आतच असतो, जसे प्लेस्टेशन, ती घरी उघडू नका. आतल्या कंडेन्सरमध्ये सुमारे 325 व्होल्ट साठतात आणि प्लग काढल्यावरही काही काळ राहतात.

त्या दिवशी फोनवर आम्ही पुतण्याला म्हणालो, ‘तू नाही जाळलास रे.’ तो आता चाळिशीचा आहे. म्हणाला, ‘मोठे बाबा, मला माहीत होतं.’ आम्ही आयुष्यभर प्रमाणशास्त्र शिकवले, आणि घरातला एकमेव प्रत्यक्षदर्शी दहा-बारा वर्षांचा होता म्हणून त्याची साक्ष घेतली नाही. तुमच्या माळ्यावर असा एखादा डबा असेल तर उतरवा, आणि आधी विचारा, बंद पडण्यापूर्वी कोणी काही सांगितले होते का?