भेंड्यांपासून कृतिपत्रिकेपर्यंत

गोंदिया जिल्ह्यातल्या मराठी शाळेत इंग्रजी ही तिसरी भाषा असते. पुष्कळ मुलांसाठी ती चौथी ठरते. घरी पोवारी, झाडीबोली किंवा गोंडी बोलणारे मूल बाजारात हिंदी ऐकते, वर्गात प्रमाण मराठी लिहिते आणि मग इंग्रजीच्या पुस्तकाला हात घालते. इंग्रजी शब्द मात्र त्याच्या कानाला नवे नसतात. बंगाल नागपूर रेल्वेने गोंदियाला जंक्शन केले, विसाव्या शतकाच्या आरंभी तिथून जबलपूरकडे छोटी लाइन गेली, आणि तिकीट, सिग्नल, गार्ड हे शब्द शाळेच्या आधीच गावोगाव पोहोचले. कानावर पडलेला शब्द आणि कागदावरचे त्याचे स्पेलिंग यांत मोठी दरी राहिली. शब्दखेळ या भागात कामाला आले ते मुख्यतः या दरीवर.

हा मुलूख १९५६ पर्यंत मध्य प्रांत आणि त्यानंतरच्या मध्य प्रदेशात, भंडारा जिल्ह्याचा भाग म्हणून होता. ब्रिटिश काळात इंग्रजी ही प्राथमिक चार इयत्तांनंतर, ‘अँग्लो-व्हर्नाक्युलर’ शाळेत गेलेल्या थोड्यांची गोष्ट होती. शिकवण्याची रीत मराठी मुलखात सगळीकडे सारखीच: शब्द, त्याचे स्पेलिंग, त्याचा अर्थ, तिन्ही एका तालात घोकायचे. ‘सी ए टी कॅट, कॅट म्हणजे मांजर’ हे त्या पद्धतीचे टोपणनावच झाले. वरच्या वर्गात तर्खडकरांची भाषांतर पाठमाला आणि व्याकरण. या घोकंपट्टीलाही एक लय होती हे नाकारता येत नाही, पण खेळात जे लागते ते, म्हणजे पुढचा शब्द स्वतः शोधणे, तिच्यात नव्हते.

१९५६ साली विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्रात. १९५८ मध्ये मनोहरभाई पटेल यांनी गोंदिया एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. स्वतःचे शालेय शिक्षण जेमतेम झालेल्या या माणसामुळे त्या भागात महाविद्यालयीन शिक्षण आले. त्याच वर्षी हैदराबादला केंद्रीय इंग्रजी संस्था सुरू झाली आणि देशभर वाक्यरचनांच्या सरावाला महत्त्व आले. इंग्लंडमध्ये डब्ल्यू. आर. ली यांचे भाषाशिक्षणातील खेळांवरचे पुस्तक १९६५ साली निघाले, पण मराठी शाळेत खेळ अजून तासाच्या शेवटी, वेळ उरला तर, एवढ्यावरच होते. इंग्रजी पाचवीत सुरू व्हायचे. दहा वर्षांच्या मुलापुढे पुस्तक ठेवले की ते निदान वाचायला बसे.

१ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा होऊन गोंदिया जिल्हा झाला. जून २००० पासून राज्यातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले. सहा वर्षांच्या मुलाला व्याकरण सांगता येत नाही, त्यामुळे गाणी, कृती आणि खेळ यांवाचून शिक्षकापुढे दुसरा मार्गच उरला नाही. सोयीची गोष्ट अशी की यासाठी लागणारे बरेचसे खेळ मुलांना आधीच येत होते. ‘शिवाजी म्हणतो’ या खेळातल्या आज्ञा इंग्रजीत दिल्या की ऐकून हालचाल करण्याचा धडा तयार होतो. ‘नाव, गाव, प्राणी, वस्तू’ रोमन अक्षरांवर खेळता येतो. भेंड्यांची शब्दसाखळी होते.

यांतल्या ‘गाव’च्या रकान्यात गोंदियाची एक गंमत आहे. जिल्ह्याचे आठ तालुके इंग्रजीत पाचच अक्षरांत बसतात: जीवर गोंदिया आणि गोरेगाव, एवर आमगाव आणि अर्जुनी मोरगाव, एसवर सालेकसा आणि सडक अर्जुनी, टीवर तिरोडा, डीवर देवरी. तिरोडा लिहिताना मूल टी-आय-आर-ओ लिहून पुढे डी घालते, आणि स्टेशनच्या पाटीवर मात्र तिथे आर असतो. हिंदीतला ड़ इंग्रजीत आर होऊन आलेला. ‘वस्तू’च्या रकान्यात एनवर ‘नाइफ’ लिहिणाऱ्याचे गुण जातात, कारण तो शब्द केने सुरू होतो.

शब्दसाखळीत हाच पेच शेवटाला येतो. मराठी भेंडी अक्षराच्या ध्वनीवर चालते, म्हणून ‘ळ’ आला तर ‘ल’ चालवून घेतात, ‘ण’ला ‘न’. इंग्रजी साखळी लिहिलेल्या अक्षरावर चालते. ‘टेबल’नंतर भेंड्यांत मुरलेले मूल ‘लॅम्प’ म्हणते आणि बाद होते. शेवटचे अक्षर ई असल्याने तिथे ‘एलिफंट’ हवा, मग ‘टायगर’, मग ‘रॅबिट’. इंग्रजी शब्दांच्या शेवटी न उच्चारला जाणारा ई किती वेळा येतो, हे नियम सांगून जेवढे कळते त्याहून दहा फेऱ्यांत जास्त कळते. लुईस कॅरोल यांनी १८७७ च्या नाताळात रचलेला, एकेक अक्षर बदलत जाण्याचा खेळ नवशिक्यांना त्या मानाने सोपा, कारण कॅट, कॉट, डॉट, डॉग हे शब्द जसे ऐकू येतात तसेच लिहिले जातात.

साहित्याला खर्च फारसा नसतो. आल्फ्रेड बट्स यांनी १९३० च्या दशकात वर्तमानपत्रातली अक्षरे मोजून जो खेळ बेतला, त्या स्क्रॅबलच्या शंभर सोंगट्यांत बारा ई आहेत आणि क्यू एकच. खोक्याच्या पुठ्ठ्याची कार्डे करताना हेच प्रमाण धरावे लागते. सव्वीस अक्षरांची एकेक कार्डे केली तर स्वर लगेच संपतात आणि खेळ अडतो.

मार्च २०१९ च्या दहावीच्या परीक्षेत तृतीय भाषा इंग्रजीची कृतिपत्रिका, म्हणजे कृतींवर आधारलेली प्रश्नपत्रिका, आली. तिच्या पहिल्याच प्रश्नात गाळलेली अक्षरे भरणे, एका मोठ्या शब्दातल्या अक्षरांपासून किमान तीन अक्षरी चार शब्द करणे, संबंधित शब्द लिहिणे आणि नाम किंवा क्रियापदांची साखळी पुरी करणे असे उपप्रश्न असतात, प्रत्येकी दोन गुणांचे. ‘एज्युकेशन’मधून कॅट, टेन, डान्स, ॲक्शन काढणे नापासाच्या उंबरठ्यावरच्या मुलालाही जमते, आणि ही सोय विचारपूर्वक ठेवलेली असावी. मात्र गुण आले तसे गाइडही आले. त्यांत तयार साखळ्या छापलेल्या असतात, ईने सुरू होणाऱ्या शब्दांच्या याद्याही, आणि त्या पाठ करून घेतल्या जातात.