पंडुरोगाच्या शोधाची हकिगत

मंडळाच्या स्मरणिकेसाठी दोन शब्द लिहून द्या, असा चिटणीसबाईंचा आग्रह पडला. मी सातवी शिकलेली, घरसंसारातली बाई. पण जो विषय आपल्या साऱ्यांच्या घरी आहे, तो मांडायला मोठी विद्या लागत नाही, असे समजून लिहीत आहे.

आपण हळदीकुंकवाला जमलो की कुणीतरी म्हणतेच, "तपासणीत रक्त कमी निघाले." मग बीट खा, खजूर खा, गूळ-शेंगदाणे खा, असे सल्ले सुरू होतात. शेवटी एखादी वडीलधारी बाई निकाल देते, "ती नीट जेवतच नाही, दुसरे काय!" हा निकाल किती खरा आणि किती अपुरा, हे ज्या शोधांमुळे कळले, त्यांतला एक मोठा शोध आपल्याच मुंबईत लागला. तो लावणारी एक बाईच होती.

तिचे नाव डॉ. लुसी विल्स. जन्म इंग्लंडातला, १८८८ सालचा. केंब्रिजला शिकून पुढे त्या लंडनच्या बायकांच्या वैद्यकीय शाळेत गेल्या आणि १९२० साली डॉक्टर झाल्या. १९२८ साली त्या मुंबईस आल्या व परळच्या हाफकिन संस्थेत काम करू लागल्या. त्या काळी मुंबईच्या गरीब वस्तीतील कित्येक गरोदर बायकांना भयंकर पंडुरोग होई. अंग पांढरेफटक पडे, पायांवर सूज येई, जिने चढवत नसत. कित्येकींचा बाळंतपणात अंत होई. सूक्ष्मदर्शकाखाली पाहता त्यांच्या रक्तातील तांबड्या पेशी संख्येने थोड्या, पण आकाराने नेहमीपेक्षा मोठ्या दिसत. नुसत्या लोहाच्या कमतरतेत पेशी लहान होतात. तेव्हा हे प्रकरण वेगळे होते.

अमेरिकेत १९२६ साली मायनॉट व मर्फी या डॉक्टरांनी अशाच एका जीवघेण्या पंडुरोगावर रोग्यांना रोज भरपूर कलेजी खाऊ घालून गुण आणला होता. पुढे १९३४ साली त्यांना व्हिपल यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. पण गरिबाघरी रोज कलेजी कुठली यावी?

विल्सबाईंनी आधी रोग्यांची ताटे पाहिली. निरनिराळ्या समाजांतील बायका काय खातात याची त्यांनी चौकशी केली. ज्यांच्या जेवणात भाजीपाला व फळे जवळजवळ नाहीतच, त्यांच्यात हा रोग अधिक, असे त्यांना आढळले. म्हणजे दोष जातीधर्माचा नव्हे, ताटाचा! मग उंदरांवर आणि माकडांवर प्रयोग झाले. शेवटी त्यांनी मार्माइट नावाचा एक स्वस्त पदार्थ रोगी बायकांना देऊन पाहिला. बीअरच्या कारखान्यात उरणाऱ्या यीस्टचा तो अर्क. इंग्लंडात लोक तो पावाला लावून खातात. गुण इतका लवकर आला की पाहणारे थक्क झाले. १९३१ साली हा शोध इंग्लंडच्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला.

पुढे आणखी एक गंमत कळली. कलेजीचा अगदी शुद्ध केलेला अर्क अमेरिकेतल्या त्या रोगाला चाले, पण मुंबईच्या रोग्यांना चालेना. साधा, कच्चा अर्क मात्र चाले. म्हणजे कलेजीत दोन निरनिराळी द्रव्ये असली पाहिजेत. एक १९४१ साली पालकाच्या पाल्यातून वेगळे काढले गेले. लॅटिन भाषेतील पानाच्या शब्दावरून त्याला फोलिक आम्ल हे नाव मिळाले. १९४५ साली ते अमेरिकेतील लेडर्ली कंपनीत कृतीने तयार झाले. तिथले संशोधनप्रमुख आपले भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव होते, ही अभिमानाची गोष्ट! दुसरे द्रव्य म्हणजे ब-१२ जीवनसत्त्व, ते १९४८ साली हाती आले.

आता पुढची गोष्ट ताटाची नसून आतड्याची आहे. १९३२ साली न्यूयॉर्कच्या डॉ. क्रोन व त्यांच्या सहकाऱ्यांनी लहान आतड्याच्या शेवटच्या भागास सूज येऊन व्रण पडण्याचा एक रोग वर्णिला. तो आज क्रोनचा रोग म्हणून ओळखला जातो. मोठ्या आतड्यात व्रण पडण्याचाही असाच एक जुनाट विकार आहे. आमच्या नात्यातील एका सुनेला असे दुखणे आहे. चारी ठाव जेवूनही ती पांढरी पडत चालली, तेव्हा घरोघर तिलाच बोल लागले. डॉक्टरांनी समजावले तेव्हा बोलणारी तोंडे बंद झाली.

कारणे अशी. व्रणांतून थोडे थोडे रक्त जात राहते आणि त्याबरोबर लोह जाते. सूज असली की यकृत हेप्सिडिन नावाचे द्रव्य जास्त करते, ते लोहाची वाटच अडवते. हे द्रव्य सन २००० च्या सुमारास सापडले. म्हणून काहींना गोळ्या लागू पडत नाहीत व लोह शिरेतून द्यावे लागते. ब-१२ लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाशीच शोषले जाते. तो भाग सुजला किंवा कापून काढला, तर ब-१२ ची इंजेक्शने घ्यावी लागतात. या रोगावरचे सल्फासॅलाझिन नावाचे एक जुने औषध फोलिक आम्लाच्या शोषणात अडथळा आणते, म्हणून त्यासोबत फोलिक आम्लाची गोळी देतात.

एक सावधगिरी मुद्दाम सांगते. ब-१२ कमी असताना नुसते फोलिक आम्ल घेतले, तर रक्त सुधारलेले दिसते, पण आत मज्जातंतूंचे नुकसान चालूच राहते. तेव्हा शेजारणीच्या गोळ्या आपण घेऊ नयेत. रक्त का कमी आहे, हे डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. शौचातून रक्त जाते हे सांगायला पुष्कळ बायका लाजतात. ती लाज आपण सोडली पाहिजे.

ताटाकडेही लक्ष असावेच. पालक, मेथी, चवळी, मूग, हरभरा यांत फोलिक आम्ल भरपूर असते, पण भाजी फार वेळ शिजवून पाणी ओतून दिले की ते बरेचसे जाते. १९९१ साली इंग्लंडात प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, पूर्वी कण्याच्या व्यंगाचे मूल झालेल्या मातांना गर्भ राहण्याआधीपासून हे आम्ल दिले, तेव्हा तशा व्यंगाची शक्यता सुमारे पाऊण हिश्शाने घटली.

विल्सबाई १९६४ साली वारल्या. ज्यांच्यासाठी त्या झटल्या, त्या बायका परळच्या आसपासच्या चाळींतल्या, तुमच्याआमच्यासारख्याच होत्या. आज आपल्या सुनांना आणि लेकींना सहज मिळणाऱ्या त्या लहानशा गोळीत त्यांच्या दुखण्याचा इतिहास आहे. म्हणून यापुढे एखादी निस्तेज दिसली, तर तिला बोल लावण्याआधी तिच्यासोबत दवाखान्यात जावे, एवढीच मंडळाच्या भगिनींना विनंती.